रुतलेल्याचं नाव

त्या दुपारी कर्णोबाच्या देवळात एकतीस माणसं होती. मी मोजली, कारण दुसरं काही करायची मला परवानगी नव्हती. एकोणतीस पुरुष आणि दोन बायका. बायकांपैकी एक मी, दुसरी खांबाला टेकून वाती वळत बसलेली सुमनअक्का. पुरुषांमध्ये तीन भास्कर, चार दिनकर, दोन सूर्यभान, एक रवींद्र आणि एक आदित्य. म्हणजे अकरा जण सूर्याच्या नावाचे. घंटा एक, समया दोन, पंखा एक, तो बंद. मध्यभागी देव. देव म्हणजे जमिनीत निम्म्याहून जास्त गेलेलं दगडी चाक. वर दिसणारे आरे सात.

बैठकीचा विषय माझं लग्न हा होता.

"मुलाचं नाव सांग," तात्या म्हणाले.

माझ्या वडिलांनी घसा साफ केला. चार दिनकरांपैकी एक ते. मी त्यांना आण्णा म्हणते. "पोरगा चांगला आहे, तात्या. वृषालीबरोबरच काम करतो. सरकारी प्रयोगशाळेत माती तपासतात दोघं. सुपारीसुद्धा खात नाही."

"नाव."

"नवले. सिन्नरकडचे."

"दिनकर, तू जावयाला आडनावानं हाक मारणार का?"

"अर्जुन," आण्णा चाकाकडे न बघता म्हणाले.

दोन-तीन जणांनी बंद पंख्याकडे पाहिलं. पिठाच्या गिरणीवाल्या भास्करने तोंडातली तंबाखू थुंकायची म्हणून बाहेर जायला पाय उचलला होता, तो परत ठेवला आणि तंबाखू गिळली.

आमच्या राधेगव्हाणचा देव कर्ण आहे. कुरुक्षेत्रावर रुतलेलं त्याचं चाक जमिनीच्या पोटातून सरकत सरकत इथे वर आलं, असं गाव मानतं. यातला भूगर्भशास्त्राचा भाग मी तपासलेला नाही. देव तो असल्यामुळे गावाच्या काही रीती आहेत. सूर्य उगवताना कुणी काही मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही. त्यामुळे आमच्याकडे उसनी साखर मागायला लोक उजाडायच्या सुमाराला येतात, आणि ज्यांना द्यायची नसते ते उशिरा उठतात. मुलींची नावं वृषाली ठेवतात. कर्णाची बायको म्हणून. माझ्या वर्गात सहा वृषाली होत्या आणि मास्तर आम्हाला बापाच्या नावाने ओळखायचे. आणि अर्जुन नावाच्या माणसाने गावाची शीव ओलांडायची नाही. अर्जुनसादड्याचं झाडसुद्धा शिवेच्या आत नाही. एकदा वनखात्याने रोपं आणली होती, ती गावाने नम्रपणे परत केली.

तात्या गावचे मानकरी. नात्याने आण्णांचे चुलतभाऊ, वयाने पंधराएक वर्षांनी मोठे. रीतीबद्दल वाद झाला की शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी एकदा दिलेला निकाल सगळ्यांना पाठ होता. सुमनअक्का ही त्यांचीच मुलगी. तिला फार पूर्वी एक स्थळ आलं होतं, दोन्हीकडून पसंती झाली होती, आणि मग कळलं की मुलाचं नाव धनंजय. धनंजय म्हणजे अर्जुनच. हे देवळात कुणी तरी दाखवून दिलं आणि तात्यांनी आपल्याच मुलीचं लग्न त्या चाकासमोर मोडलं. त्यानंतर अक्काचं कुठे जमलं नाही. ती अंगणवाडी चालवते आणि देवळाच्या वाती वळते.

"मग निकाल झालेलाच आहे," गिरणीवाला भास्कर म्हणाला. "सुमनच्या वेळेला जे झालं तेच आत्ता. तेव्हा तर नुसता धनंजय होता. हा तर नावासकट अर्जुन."

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले.

"इचार की," सूर्यभानबाबा म्हणाले. ते सगळ्यांत म्हातारे होते आणि त्यांना कुणीही काही विचारलं तर आवडायचं.

"अर्जुन कर्णोबाचा कोण?"

"भाऊ. एका आईचे दोघं."

"थोरला कोण?"

"कर्णोबा. कुंतीचं पहिलं लेकरू."

"मग धाकटा भाऊ थोरल्याच्या गावाला आला तर दार लावतात का?"

सूर्यभानबाबांनी विचार केला. "परक्यानं मारलं असतं ना पोरी, तर एवढं लागलं नसतं. भावानं मारलं म्हणून तर दार लावलंय."

"त्याला तरी कुठं ठाऊक होतं भाऊ आहे म्हणून," आदित्य म्हणाला.

"कर्णोबाला ठाऊक होतं. त्यानं मारलं का? चारही पांडव हाताखाली आलेले असताना सोडून दिले. कुंतीला शब्द दिला होता म्हणून," सूर्यभानबाबा म्हणाले.

"पण पाचव्याला सोडणार नाही असंही सांगितलं होतं," मी म्हणाले. "म्हणजे वैर फक्त त्या एकाशी. त्याच्या नावाशी नाही. आणि नावंच धरायची तर अर्जुनाला दहा नावं आहेत. धनंजय आहे, फाल्गुन आहे, किरीटी आहे. विजय आहे."

हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आमचे सरपंच विजयराव लांडे उजव्या हाताच्या खांबाशी बसले होते.

"माझं नाव आजोळी ठेवलंय," विजयराव म्हणाले. "पंचांगात बघून."

"सरपंचाचा प्रश्न नाही," भास्कर म्हणाला.

"का नाही?" मी विचारलं.

"ते निवडून आलेत."

"दोनदा," विजयराव म्हणाले.

तात्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "सरपंच गावात जन्मला. त्याला बाहेर काढायचं झालं तर वेगळी बैठक घ्यावी लागेल, आणि ती बोलवायचा अधिकार सरपंचालाच आहे. ते राहू दे. पोरी, तो मुलगा नाव बदलून घेईल का?"

"विचारलं होतं मी. त्याची आई नाही म्हणाली. नाव तिच्या वडिलांचं आहे."

"लग्नात बायकांची नावं बदलतात ना," आदित्य म्हणाला. "ताटात तांदूळ पसरायचे, बोटानं नाव लिहायचं, झालं. त्याचंच लिहू."

"मी हेच म्हणाले होते," मी म्हणाले. "तर त्याची आई म्हणाली, तुझं नाव आम्ही बदलणार नाही, त्याचं तुम्ही बदलू नका. फिटंफाट."

"बाई हुशार दिसतीय," सूर्यभानबाबा म्हणाले.

आण्णा मान खाली घालून बसले होते. रथसप्तमीला कर्णोबासमोर पहिला दिवा लावायचा मान आमच्या घराण्याचा. त्याच महिन्यात त्यांनी तो लावला होता. घरून निघताना त्यांनी मला सांगितलं होतं, "वृषाली, देवळात नाही म्हणाले तर मी अक्षता टाकणार नाही. तू दुसरीकडं जाऊन लग्न केलंस तर अडवणारही नाही. पण मी येणार नाही, आणि तुझा नवरा इथं येणार नाही. तू एकटी येत जाशील. सणाला." मी अर्जुनला हे फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला होता, तुझ्या वडिलांशिवाय नको. मलाही नकोच होतं. म्हणजे देवळात नाही म्हणाले की लग्न संपलं.

"निकाल आजच द्या, तात्या," भास्कर म्हणाला. "उगा लांबवू नका."

"मुलाला न बघता?" तात्या म्हणाले. "सुमनच्या वेळेला मी तसंच केलं. माघारी निकाल दिला. चिठ्ठी पाठवली." वाती वळणारे सुमनअक्काचे हात थांबले नाहीत. "ह्याला तोंडावर सांगायचं. रविवारी सकाळी त्यांना शिवेच्या दगडापाशी येऊ दे. तो दगडाच्या बाहेर, आपण आत. तिथं काय ते बोलू."

"कुठल्या दगडापाशी?" आण्णांनी विचारलं. "डांबरीवरच्या?"

"डांबरीवर एसटी थांबते. दहा गावची माणसं बघत बसतील. कालव्याच्या रस्त्यानं या म्हणावं. तिथं सावली आहे."

बैठक उठली. दारात भास्कर आण्णांना म्हणाला, "दिनकर, वाईट वाटून घेऊ नकोस. माझं काही त्या पोराशी वाकडं नाही."

"मला ठाऊक आहे," आण्णा म्हणाले.

"देवाचं आहे."

"तेही ठाऊक आहे."

रविवारी मी आणि आण्णा शिवेवर पोहोचलो तेव्हा तात्या आधीच आलेले होते. बाभळीच्या सावलीत काठी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि पायाला चिखल होता. आण्णांनी काय झालं म्हणून विचारलं. "कालवा पाझरतोय," ते म्हणाले आणि टोपी सारखी केली.

हळूहळू माणसं जमली. देवळात होती त्याहून जास्त, कारण निकाल ऐकायला बायकाही आल्या होत्या. शिवेचा दगड कमरेएवढा आहे, चुन्याने रंगवलेला. रस्ता कच्चा, काळ्या मातीचा, दोन चाकोऱ्यांचा. एका बाजूला कालव्याचा बांध, दुसऱ्या बाजूला ऊस. दगडाजवळ रस्त्यावर उसाचं पाचट पसरलेलं होतं. ऊसतोड झाली की ते रस्त्यावर येतंच, म्हणून कुणी त्याकडे पाहिलं नाही.

जीप लांबून दिसली. अर्जुन स्वतः चालवत होता. ती त्याच्या मित्राची होती आणि तिचा हॉर्न वाजत नव्हता, म्हणून तो खिडकीतून हात काढून हलवत होता. शेजारी त्याची आई मंदाकिनीबाई. मी हात वर करून थांबायची खूण केली. त्याने दगड पाहिला, वेग कमी केला, आणि अगदी दगडाला लागून थांबवायला गेला. जीप पाचटावर आली. डावं पुढचं चाक दगडाच्या आत आलं आणि तिथेच खाली गेलं. आवाज झाला नाही. जीप डावीकडे कलली आणि मंदाकिनीबाई काचेला जाऊन टेकल्या.

अर्जुनने गिअर बदलून मागे घ्यायचा प्रयत्न केला. चाक फिरलं, चिखल उडाला, गिरणीवाल्या भास्करच्या सदऱ्यावर पडला. चाक आणखी खाली गेलं.

"अर्जुन आत आला," गर्दीतून कुणी तरी म्हणालं.

"अर्जुन नाही आला. चाक आलं."

"चाक आलं म्हणजे जीप आली. जीप आली म्हणजे—"

"गप बसा," तात्या उठून म्हणाले. "चाक रुतलंय."

आमच्या गावात चाक रुतणं ही साधी गोष्ट नाही. चाक रुतलेलं दिसलं की जो असेल त्याने हातातलं खाली ठेवून यायचं. चाक निघेपर्यंत रुतलेल्याशी भांडायचं नाही, आणि त्याला नाव, गाव, जात, कूळ यातलं काही विचारायचं नाही. कर्णोबाला जन्मभर सगळ्यांनी तेच विचारलं. तो राजपुत्रांच्या परीक्षेत धनुष्य घेऊन उभा राहिला, तर कृपाचार्यांनी विचारलं, तुझं कूळ कुठलं, बाप कोण. द्रौपदीच्या मांडवात गेला तर तेच. शेवटी चाक रुतलं, थांबा म्हणाला, आणि कुणी थांबलं नाही. म्हणून राधेगव्हाणात थांबतात. चाक निघालं की त्या माणसाला देवळात न्यायचं, चाकाच्या चिखलाचा टिळा देवाला लावायचा आणि माणसाला जेवू घालायचं. नाव विचारायचं ते जेवल्यावर. आणि गावाने ज्याला असं जेवू घातलं त्याला शीव कायमची मोकळी. एकदा थकबाकीसाठी देवळाची वीज तोडायला आलेल्यांची गाडी रुतली होती. गावाने ती काढली, त्यांना पुरणपोळी वाढली, त्यांनी हात धुतले आणि वीज तोडली. तेव्हाही कुणी काही बोललं नव्हतं.

"तात्या," भास्कर म्हणाला, "ही रीत शिवेच्या आतल्या चाकाला."

"मग?"

"हे आत आहे का बाहेर, ते बघू."

त्याने दगडापासून चाकापर्यंत वीत लावली. मग पुन्हा लावली. "दीड वीत," तो म्हणाला. त्याला हे सांगताना आनंद झाला नाही.

"आत का बाहेर?"

"आत. पण जरा मागं ढकललं तर बाहेर जातंय."

"भास्कर," तात्या म्हणाले, "कर्णोबाचं चाक मागं ढकलायचं होतं का वर काढायचं होतं?"

भास्करने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

तोपर्यंत अर्जुन खाली उतरला होता. त्याने पँट दुमडली, चिखलात गुडघे टेकले आणि चाकाखालची माती हातांनी काढायला लागला. कुणाकडे पाहिलं नाही. खांदा चाकाच्या वरच्या कडेला लावून त्याने एकदा जोर लावून बघितला. चाक हललं नाही. मी गर्दीकडे पाहिलं. सगळे उभ्या जागी त्याच्याकडे बघत होते. सूर्यभानबाबांनी हात जोडले होते. कुणाला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

"अहो, बघताय काय नुसते?" मंदाकिनीबाई दुसऱ्या दाराने उतरत म्हणाल्या. "हीच का तुमची शीव? एवढ्याशा दगडासाठी माझ्या बापाचं नाव पुसायला निघाला होता? हा माझा अ—"

"बाई!" तात्यांनी हात वर केला. "नाव सांगू नका."

"का? मी माझ्या मुलाचं नाव सांगू नको?"

"आम्ही विचारलेलं नाही."

"परवा सगळं गाव विचारत होतं ना?"

"परवा चाक रुतलं नव्हतं."

मंदाकिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पदर खोचला आणि बांधावर जाऊन बसल्या. मग त्या तिथून सूचना देऊ लागल्या, आणि त्यातल्या बहुतेक बरोबर होत्या.

आदित्यने फळी आणली. विजयराव सरपंचांनी दगड आणायला सांगितलं आणि कुणी हलत नाही असं पाहून स्वतः आणले. भास्कर आणि आण्णा मागून, बाकीचे बाजूने. तात्या काठी टाकून अर्जुनच्या शेजारी बसले आणि त्यांनीही चाकाला खांदा लावला.

"तुम्ही नका, आजोबा," अर्जुन म्हणाला. "लागेल तुम्हाला."

"गडबड करू नका, पाव्हणं," तात्या म्हणाले. "ह्या मातीत ओढाताण केली की आणखी आत जातं. आधी बाजूची काढा. हां. आता फळी."

"ही माती फुगते," अर्जुन म्हणाला. "माँटमोरिलोनाइट जास्त आहे."

"असेल. गावात नवीन कोण आलं की कळतं आम्हाला, पण हा कुठला ते माहीत नाही. लावा जोर."

कर्णोबाच्या नावाने चांगभलं झालं. पहिल्यांदा चाक वर आलं आणि परत बसलं. दुसऱ्यांदा फळीवर चढलं. जीप पुढे आली, म्हणजे गावाच्या दिशेने, कारण फळी त्या बाजूला लावलेली होती. ती कुणी लावली हे नंतर कुणाला आठवेना. जीप पूर्ण शिवेच्या आत उभी राहिली. भास्करने तिच्याकडे आणि दगडाकडे पाहिलं, आणि हात पुसायला उसाचा पाला शोधू लागला.

देवळात टिळा लावताना गुरवाने अर्जुनला विचारलं, "काय संकल्प सोडू? कोणाच्या नावे?" तात्या म्हणाले, "पाव्हण्याच्या नावे." गुरव तसंच म्हणाला. अर्जुनने अंगठ्याने चाकाच्या मधोमध चिखल लावला. मग तो सात आऱ्यांकडे बघत जरा वाकला आणि मला हळूच म्हणाला, "बेसाल्ट आहे." मी म्हणाले, "नंतर."

पंगत देवळाच्या ओसरीवर बसली. बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा, ताक. वाढायला सुमनअक्का आणि मी. सगळं गाव अर्जुन किती खातो ते बघत होतं. तो नेहमीपेक्षा कमी खात होता. मंदाकिनीबाईंनी ठेचा दुसऱ्यांदा मागितला तेव्हा बायकांमध्ये जरा कुजबुज झाली, चांगल्या अर्थाने.

अर्जुनने ताक प्यायलं आणि वाटी खाली ठेवली.

"जेवण झालं?" तात्यांनी विचारलं.

"झालं."

"पोटभर?"

"हो."

"मग आता रीतीप्रमाणं विचारतो. पाव्हणं, आपलं नाव काय?"

आण्णांनी हातातला घास पत्रावळीत ठेवला. अर्जुनने माझ्याकडे पाहिलं नाही; तात्यांकडे पाहिलं.

"अर्जुन."

एक कुत्रं आत येऊन पत्रावळ ओढत होतं, त्याला कुणी हाकललं नाही. तात्यांनी नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली.

"कुणाचं ठेवलंय?"

"आजोबांचं. आईच्या वडिलांचं."

"चांगलं आहे," तात्या म्हणाले. "सुमन, पाव्हण्यांना आणखी एक भाकरी वाढ."

"झालंय हो माझं," अर्जुन म्हणाला.

"असू द्या," सुमनअक्का म्हणाली. तिने भाकरी वाढली, आणि मग वर तूप वाढलं. तूप त्या पंगतीत कुणालाच वाढलेलं नव्हतं.

आण्णांनी पत्रावळीतला घास उचलून खाल्ला. हात धुवून आल्यावर त्यांनी मंदाकिनीबाईंना विचारलं की तिकडे चैत्रातले मुहूर्त धरतात का. त्या म्हणाल्या, धरतात, पण वैशाखातले बरे. "उन्हाचं होईल," आण्णा म्हणाले. "तुमच्या गावाला उन्हाचं काय," त्या म्हणाल्या, "निम्मं गाव सूर्याच्या नावाचं." सूर्यभानबाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

भास्कर माझ्याजवळ आला. "तुझ्या नवऱ्याला सांग, गिरणीला दळण घेऊन ये म्हणावं. पहिलं फुकट."

"तो अजून नवरा नाही, काका."

"तेच. झाल्यावर."

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत पाहुणे गेले. या वेळी डांबरीने. मी आणि तात्या वेशीतून परत येत होतो. त्यांचं धोतर आता वाळलं होतं आणि काठाला मातीची पांढुरकी रेघ उमटली होती.

"तात्या," मी म्हणाले, "कालव्याचं पाणी सुटायला अजून आठवडा आहे ना?"

"हां. पुढच्या सोमवारी."

"मग पाझरतो कसा?"

"पाझरतो कधी कधी."

"कोरडा कालवा?"

ते चालायचे थांबले नाहीत. "तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "मला काय विचारतेस? तुझं तू बघ."

देवळापाशी ते आत वळले. सुमनअक्का पत्रावळी गोळा करत होती. ते तिच्याशी काही बोलले नाहीत. काठी भिंतीला लावली आणि तिच्याबरोबर गोळा करायला लागले. मी आजवर त्यांना पत्रावळ उचलताना पाहिलं नव्हतं.

उजेड होता. मी घरी जाऊन खुरपं आणि नमुन्याच्या तीन पिशव्या घेतल्या. पिशव्या माझ्याकडे नेहमी असतात. शिवेवर कुणी नव्हतं. चाकाचा खड्डा तसाच होता, त्याच्यात अर्जुनच्या गुडघ्यांचे दोन गोल उमटलेले होते. मी एक पिशवी खड्ड्याच्या तळातून भरली. दुसरी त्याच रस्त्यावर दोन मीटर पलीकडून, तेवढ्याच खोलीवर. तिसरी बांधावरून खाली उतरून कालव्याच्या तळातून. तोंडं घट्ट बांधली, पिशव्यांवर जागा लिहिल्या.

याला आता सोळा वर्षं झाली. तात्या गेल्या वर्षी वारले. अर्जुनने त्यांना खांदा दिला आणि कुणी काही म्हणालं नाही. त्या पिशव्यांबद्दल मी तात्यांना कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी तिन्ही नमुने वजन करून भट्टीत ठेवले, एकशे पाच अंश सेल्सिअसवर. मंगळवारी काढून पुन्हा वजन केलं. कालव्याच्या तळाची माती, ओलावा नऊ टक्के. दोन मीटरवरची, बारा टक्के. चाकाखालची, सत्तेचाळीस टक्के.